मागे येणाऱ्याचं पाणी

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सिद्धरामला सगळे ओळखत. ओळख अशी: ‘मल्लिनाथअप्पाचा पोरगा, पुण्याहून परत आलेला.’ पुण्याला गेलेली उदगीरची पोरं ढिगानं आहेत, त्यांना कुणी ‘गेलेला’ म्हणून हाक मारत नाही. परत येणाऱ्याच्या नावाला मात्र शेपूट लागतं आणि ते काही केल्या सुटत नाही. खरी गोष्ट एवढीच होती, की तिकडची कंपनी एका दुपारी बंद पडली आणि सिद्धराम खोली रिकामी करून दोन बॅगा घेऊन घरी आला. मोंढ्यानं तिला इतके फाटे फोडले, की आपण तिकडं नक्की काहीतरी केलं असणार, असं कधीकधी त्याला स्वतःलाच वाटायचं.

आता तो लातूरच्या आनंदराज नावाच्या माणसाच्या लहानशा कंपनीसाठी मोबाइलची ॲपं बनवायचा. घरीच, माडीवर बसून. त्यातही त्याच्याकडं एकच काम. कुठल्या स्क्रीनवरून कुठल्या स्क्रीनवर जायचं आणि गेलेल्या माणसानं परत कसं यायचं, हे ठरवणं. रंग दुसरे देत, हिशेब तिसरे बघत. सिद्धराम फक्त वाटा बघायचा. हे सांगितलं की समोरचा म्हणायचा, “एवढंच?” आणि सिद्धरामचं डोकं तापायचं.

मग तो थप्पीचं उदाहरण द्यायचा. मोंढ्यातल्या माणसाला पोत्यांची थप्पी समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक नवी स्क्रीन म्हणजे आधीच्या पोत्यावर चढवलेलं पोतं. ‘मागे’ दाबलं की वरचं पोतं उतरवायचं, खालचं आपोआप दिसतं. आणि ओळख पटवून माणूस आत आला की ओळखीची स्क्रीन थप्पीतून काढूनच टाकायची, नाहीतर मागे जाता जाता बिचारा पुन्हा दारात उभा राहतो आणि दार त्याला विचारतं, तू कोण. पण पोरं घाई करतात. कुणी मधलंच पोतं ओढतं, कुणी उतरवायच्या ऐवजी चढवतं, आणि थप्पी अंगावर येते. जगातली निम्मी ॲपं अशीच अंगावर येतात, असं त्याचं ठाम मत होतं. ते ऐकून घ्यायला घरात फक्त अव्वा होती, म्हणजे त्याची आई शिवम्मा. ती भाकरी थापता थापता “हाव, हाव” म्हणायची आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

या कामाचा त्याच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला होता, हे कबूल करावं लागेल. लग्नात नवरानवरीला आहेर द्यायला लोक स्टेजवर एका बाजूनं चढतात आणि फोटो काढून दुसऱ्या बाजूनं उतरतात, हे त्याला मनापासून आवडायचं. एकदा निलंग्याच्या लग्नात एक जाडजूड पाहुणे चढले त्याच बाजूनं उतरायला लागले. खालची सगळी रांग तुंबली. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सिद्धराम वर गेला, पाहुण्यांना खांद्याला धरून फिरवलं आणि दुसऱ्या बाजूनं उतरवून दिलं. ते नवरीचे सख्खे मामा निघाले.

असो. सिद्धरामचं खरं दुखणं वेगळं होतं. अप्पा त्याच्याशी बोलत नसत. रागावून तुटक बोलणं वगैरे नाही, अजिबातच नाही. तो बॅगा घेऊन आला त्या दिवसापासून मल्लिनाथअप्पांनी मुलाशी एक शब्द बोललेला कुणी ऐकला नव्हता. जे काही सांगायचं ते अव्वाच्या तोंडून. जेवताना मिठाची वाटी सिद्धरामच्या गुडघ्याशी असायची आणि अव्वा आत चुलीपाशी. अप्पा आवाज द्यायचे, “शिवम्मा, त्याला म्हणावं मीठ सरकव.” अव्वा पिठाचे हात घेऊन बाहेर यायची, “सिद्ध्या, मीठ सरकव,” म्हणायची आणि आत जायची. सिद्धराम मीठ सरकवायचा. एकदा अव्वा रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला गेली, तेव्हा अप्पांनी घरात बसून दुकानातल्या देविदास मुनिमाला फोन लावला. देविदासनं सिद्धरामला फोन लावला आणि सांगितलं, अप्पा म्हणतात पंखा बंद कर. पंख्याचं बटण दोघांच्या मधल्या भिंतीवर होतं.

आडतीच्या गादीवर बसायचं सोडून पोरगा पुण्याला गेला, वर हात हलवत परत आला आणि आल्यावरही दुकानात पाऊल टाकलं नाही, याचा हा राग आहे, असं सगळं उदगीर धरून चाललं होतं. सिद्धरामही तसंच धरून चालला होता. त्याला जगाकडून फार काही नको होतं. उदगीरला राहायला मिळावं आणि अप्पांनी एकदा आपल्याशी बोलावं, शिवी घातली तरी चालेल, एवढंच त्याचं मागणं होतं.

अशात मोंढ्यातल्या आडत्यांच्या संघाला ॲप हवंसं झालं. शेतकऱ्यानं गावातूनच आपल्या मालाची नोंद करावी, भाव बघावा, सौद्यात आपला नंबर कधी लागेल ते बघून निघावं, असा बेत. काम आनंदराजला मिळालं. त्यानं लातूरहून फोन केला. आनंदराज आडपडदा ठेवणाऱ्यातला नव्हता.

“सिद्धराम, हे उदगीरला चाललं तर समद्या मोंढ्यांत चालंल. न्हाई चाललं तर मी हे ऑफिस गुंडाळणार. मंग तू तुझं पुणं बघ.”

पहिली बैठक संघाच्या हॉलमध्ये भरली. पांढरे कपडे, कपाळाला विभूती, तक्क्याला टेकलेले सगळे आडते, आणि भिंतीवर सिद्धरामची पहिली स्क्रीन. वर त्यानं मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘तुम्हाला कुठे जायचे आहे?’

संघाचे अध्यक्ष रुद्रेशशेठ यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“निघालेल्या मानसाला कुठं म्हून इचारत्यात व्हय रं?” ते म्हणाले. “काम होतंय का मंग त्याचं?”

सिद्धरामनं जीभ चावली. उदगीरमध्ये वाढलेल्या माणसानं ही चूक करावी म्हणजे कमाल झाली. चपला घालून निघालेल्याला ‘कुठं चाललास’ विचारायचं नसतं, हे इथल्या लेकराला बोलता येण्याआधी कळतं. त्यानं तिथल्या तिथं ते वाक्य पुसलं. ‘बाहेर पडा’ हे बटणही गेलं, कारण घरातल्या माणसाला कुणी बाहेर पड म्हणत नाही. त्याच्या जागी ‘येतो’ आलं.

मग गाडी ‘मागे’च्या बाणापाशी अडली. निघालेल्यानं मागं फिरूच नये, मग हा बाण कशाला, असं रुद्रेशशेठचं म्हणणं पडलं. सिद्धरामनं थप्पी सांगितली. थप्पी सगळ्यांना पटली, बाण पटेना. तेव्हा कोपऱ्यातून मल्लिनाथअप्पा बोलले. सिद्धरामकडं न बघता, समोरच्या कॅलेंडरकडं बघून.

“मानूस इसरतो, मागं येतो. येऊ द्या. पर मागं आलेल्याला तसंच भाईर सोडत न्हाईत. त्याला बसवावं, पाणी द्यावं, मंग त्यानं निघावं.”

सगळा हॉल “बराबर, बराबर” म्हणून डोलला. यात डोलण्यासारखं नवीन काही नव्हतं. छत्री विसरली म्हणून उंबऱ्यावरून मागे फिरलेला माणूस त्या भागातल्या कुठल्याही घरात आधी टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. नाहीतर ज्या कामाला निघाला ते होत नाही. गाडी चुकते ती चुकते, पण पाणी चुकत नाही. फक्त हे मोबाइललाही लागू आहे, हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. ठरलं असं, की शेतकऱ्यानं ‘मागे’ दाबलं की आधी पाण्याची स्क्रीन येईल. ‘थोडं बसा. पाणी प्या.’ खाली तांब्याचं चित्र. घोट घेऊन तांब्यावर बोट ठेवेपर्यंत स्क्रीन हलणार नाही. चुकून बोट लागलेल्यांनीही बसायचं का, यावर दोन गट पडले, पण चुकून मागे आलेला माणूसही मागे आलेलाच असतो, या मुद्द्यावर वाद मिटला.

पुण्यात कुणी असलं काही मागितलं असतं, तर सिद्धरामनं लॅपटॉप मिटला असता. इथं तो खुशीत घरी गेला. कारण अप्पा त्याच्या कामाबद्दल बोलले होते, कॅलेंडरशी का होईना.

आणि त्यानंतरचे दिवस तर विचारूच नका. रोज रात्रीची जेवणं लांबायला लागली. अप्पा पाटावर, सिद्धराम समोरच्या पाटावर, अव्वा आत.

“शिवम्मा, त्याला म्हणावं तांब्या स्टीलचा नको. पितळी दाखीव.”

“सिद्ध्या, पितळी.”

“अव्वा, त्यांना विचार, त्यावर फुलपात्र ठेवू का?”

“ठेव म्हणावं.”

“पालथं ठेवू का सुलटं?”

यावर अप्पांनी घास हातात धरून बराच विचार केला. “पालथं,” ते आतल्या दाराकडं बघून म्हणाले. “सुलटं म्हंजे कुणीतरी पिऊन ठेवल्यावानी दिसतं.”

खरं तर फुलपात्राचा प्रश्न सिद्धरामला पडलाच नव्हता. पण प्रश्न संपले की अप्पा उठून जाणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो माडीवर बसून शंका जमवायचा आणि जेवताना एकेक काढायचा. तांब्याला नक्षी असावी का? स्त्रियांना वेगळी स्क्रीन लागेल का? श्रावणी सोमवारी काय? अप्पांकडं प्रत्येकाला उत्तर होतं. शेवटी एकदा अव्वा उलथनं घेऊन दारात आली.

“तुमी दोघं बोला की रं एकमेकाला! माजी भाकर करपायली!”

दोघांनीही खाली मान घातली आणि जेवण उरकलं. त्या दिवशी आणखी काही विचारणं झालं नाही.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. प्रश्न अगदी साधा होता. पाणी पिऊन झाल्यावर माणसाला कुठल्या स्क्रीनवर न्यायचं? सिद्धरामचं शिक्षण सांगत होतं, वरचं पोतं उतरव, आधीची स्क्रीन दाखव, विषय संपला. पण त्यानं विचारलं, आणि अप्पा अव्वाच्या तोंडून म्हणाले, “पाणी पेलं का मागचं निघणं संपलं. तिथून मानूस नव्यानं निघतो.” म्हणजे पाण्यानंतर पहिली स्क्रीन पुन्हा नवी, सगळ्या थप्पीच्या वर. खालची पोती तशीच पडून.

हे चुकतंय, हे त्याला कळत होतं. हमालाला एक पोतं उतरव म्हणावं आणि त्यानं आणखी दोन चढवावीत, तसा हा प्रकार होता. ‘नाही’ म्हणून वाद घालायला हवा होता. पण वाद घातला असता तर हे इतक्या दिवसांनी सुरू झालेलं, दाराआडून का होईना, बोलणं थांबलं असतं. सिद्धरामनं मान डोलावली आणि अप्पांनी सांगितलं तसंच लिहून टाकलं. प्रेमापोटी माणसं काय काय करतात, त्यानं थप्पी बिघडवली.

तपासायला अव्वाचा फोन होता. अव्वानं एकदा ‘मागे’ दाबलं, पाण्याची स्क्रीन आली, ती उठून खरंच पाणी प्यायली, पुन्हा पहिली स्क्रीन आली, ती पुढं गेली. झकास चाललं. दुसऱ्यांदा मागे यायचा अव्वाचा स्वभाव नव्हता, म्हणून पुढचं काही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर मोंढा उघडतो तो मुहूर्ताच्या सौद्यानं. त्याच दिवशी ॲप सुरू करायचं, हे रुद्रेशशेठनी ठरवलं. सोयाबीनची पोती ओट्याओट्यावर लागली होती, काट्यांना झेंडूचे हार होते, दुकानादुकानांतून उदबत्त्यांचा धूर येत होता. आनंदराज लातूरहून नवा शर्ट घालून आला होता. मुहूर्ताला शिंकसुद्धा दाबून धरतात, अशा त्या वातावरणात शेतकऱ्यांनी फोन काढले.

पहिली अडकली ती शिरूर अनंतपाळकडची नागुबाई. स्वतःची शेती स्वतः बघणारी, सोयाबीन घेऊन आलेली. तिनं सोयाबीनच्या ऐवजी तुरीवर बोट ठेवलं आणि चूक कळून ‘मागे’ दाबलं. ‘थोडं बसा. पाणी प्या.’ नागुबाई आपल्या पोत्यावर बसली, बाटलीतलं पाणी प्यायली. पहिली स्क्रीन आली. आता तिला मघाची गावाच्या नावाची स्क्रीन हवी होती, म्हणून तिनं परत ‘मागे’ दाबलं. ‘थोडं बसा. पाणी प्या.’ बसलेली होतीच, पुन्हा प्यायली. मग तिला वाटलं, हे पाणीच मागे सारावं. तिनं पाण्याच्या स्क्रीनवर ‘मागे’ दाबलं. पण पाण्यावरून मागे येणं हेसुद्धा मागे येणंच. त्या पाण्यावर आणखी एक पाणी आलं. पिऊन पहिली स्क्रीन आली तरी मघा भरलेलं सगळं थप्पीत खालीच, आणि ते बघायला मागे जावं तर पुन्हा पाणी.

“कसं भाईर निघावं वो दादा?” तिनं शेजारच्याला विचारलं. शेजाऱ्यानं दाखवायला म्हणून स्वतःच्या फोनवर ‘मागे’ दाबलं आणि तोही बसला. त्याला सोडवायला तिसरा आला. बघता बघता अख्खा ओटा बसला.

इतर कुठल्या गावात लोकांनी फोन खिशात घातला असता आणि कामाला लागले असते. पण मुहूर्ताचा दिवस, आणि बसा म्हटल्यावर न बसता उठायचं कुणी? रुद्रेशशेठ स्वतः हातात फोन घेऊन गादीवर बसलेले होते. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “बसा म्हणतंय तर बसा! मुहूर्त मोडू नका कुणी!” झालं. खरेदीदार बसले. बोली लावणारा भाव अर्धा पुकारून बसला, आणि उरलेला अर्धा ऐकायला थांबलेले लोक त्याच्याभोवती बसले. दोन हमाल पोतं काट्यावर चढवता चढवता बसले, ते पोतं त्यांच्या मांडीवरच राहिलं. चहाच्या हॉटेलातले पेले संपले, मग वाट्या संपल्या, मग लोक चहाच्या किटलीच्या झाकणातून पाणी प्यायला लागले.

त्यातून एक नवीच भानगड उभी राहिली. एवढं पाणी पोटात गेल्यावर माणसाला उठावं लागतं. लोक हळूच उठून भिंतीमागं जाऊन यायचे. परत आले म्हणजे मागे आले. मागे आले म्हणजे पुन्हा बसले आणि पुन्हा पाणी प्यायले. यातून कुणाचीही सुटका दिसेना. देगलूर नाक्यावरून आलेला एक ट्रकवाला काय चाललंय बघायला आत आला, त्याचं आत येणं शुभ की अशुभ यावर चर्चा झाली, आणि खबरदारी म्हणून त्यालाही बसवला.

सिद्धराम या बसलेल्या मोंढ्यातून एकटा उभ्यानं फिरत होता. प्रत्येक फोन बघत होता आणि त्याला सगळं स्वच्छ कळत होतं. सकाळपासून त्याच्या स्वतःच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. आनंदराज एका हरभऱ्याच्या पोत्यावर वाटी घेऊन बसला होता. त्यानं सिद्धरामकडं बघितलं, ओरडलाही नाही.

“संपलं गड्या,” तो म्हणाला. “बॅग भर तू.” आणि वाटी तोंडाला लावली, कारण त्याच्याही फोननं तेच सांगितलं होतं.

सिद्धरामला त्या क्षणी काय वाटलं ते सांगण्यासारखं आहे. काम गेलं याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की आता जेवताना विचारायला प्रश्न उरले नाहीत. पाय त्याला घेऊन गेले ते थेट आपल्या दुकानाकडं. परत आल्यापासून तो त्या पायऱ्या चढला नव्हता.

मल्लिनाथअप्पा गादीवर मांडी घालून बसले होते. हातात फोन, फोनवर पितळी तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र. बाजूला खरा तांब्या. देविदास मुनीम खाली सतरंजीवर. अप्पांनी मुलाला बघितलं आणि नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं.

“देविदास, त्याला इचार, ह्यातून भाईर कसं पडावं?”

देविदासच्या तोंडात घोट होता. पाणी पिताना बोलायचं नसतं. त्यानं फक्त बोट वर करून थांबायची खूण केली. घोट गिळला, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बोट ‘मागे’ला लागून त्याच्या फोनवर पुन्हा पाणी आलं. त्यानं दिलगिरीनं मान हलवली आणि पेला भरला. अप्पांनी दारातल्या हमालाकडं बघितलं, तो पीत होता. समोरच्या दुकानाकडं बघितलं, तिथंही पीत होते. अव्वा घरी, आणि तिला फोन लावायचा तर ही स्क्रीन सोडावी लागणार. साऱ्या मोंढ्यात निरोप न्यायला एक माणूस मोकळा नव्हता.

अप्पांनी तांब्याच्या चित्राकडं बघितलं. मग घसा खाकरला.

“सिद्ध्या,” ते म्हणाले. “भाईर कसं पडायचं रं ह्यातून?”

सिद्धरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंद झाला, एवढंच सांगतो, त्याला दुसरा शब्द नाही. आणि उत्तर तर अगदी सोपं होतं. अंगठा खालून वर सरकवायचा, ॲप बंद, माणूस मोकळा. दुधाचे दात न पडलेलं पोर हे करतं. आख्खा मोंढा एका वाक्यात सुटला असता.

“एकेक करून मागं यावं लागंल, अप्पा,” तो गादीच्या कडेला बसत म्हणाला. “येळ लागंल थोडा.”

हा थोडा वेळ कधीच संपणार नाही, हे उदगीरमध्ये फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्यानं फोन दोघांच्या मधे धरला. अप्पांनी ‘मागे’ दाबलं. पाणी आलं. दोघं थांबले. अप्पांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी आलं.

“आनंदराज काय म्हणला?” अप्पांनी विचारलं.

“संपलं म्हणला.”

“म्हंजे पुन्यालाच.”

“तसंच दिसतंय.”

अप्पांनी बटण दाबलं. यावेळी चित्राकडं बघितलंच नाही.

“तू बॅगा घिऊन आलास, त्या दिशी तुला घरात पाणी दिलं न्हाई. ध्यानात हाय का?”

सिद्धराम आठवायला लागला. चहा आठवला. मग ताक आठवलं, मग पुन्हा चहा. उन्हातून आलेल्या पोराला अव्वानं लिंबाचं सरबत दिलं होतं, उसाचा रस मागवला होता.

“मीच म्हणलो तिला. च्या दे, ताक दे, काय बी दे, पाणी देऊ नको. मागं आलेल्यानं पाणी पेलं का तो नव्यानं निघतो. सांच्याला तू माठातून घेतलंस, ते मी बघितलं. पर ते आपल्या हातानं घेतलेलं. ते मोजत न्हाईत.”

“अन बोलला न्हाईत ते?”

“बोललो असतो तर भांडण झालं असतं. मला म्हाईत हाय माजं तोंड. भांडण झालं का तू बॅग उचलणार. मंग बोलायचंच कशाला? बोललो न्हाई, तू ऱ्हायलास.”

खाली सतरंजीवर देविदास पेला ओठांशी धरून, न पिता, ऐकत होता. इतके दिवस तो ज्याला राग समजत होता, ती भीती होती. हा करारी म्हातारा रोज मिठासाठी बायकोला चुलीपासून उठवत होता, का, तर पोरगा घरात राहावा म्हणून. सिद्धरामला हसायला येत होतं आणि रडायलाही येत होतं, आणि दोन्हीपैकी काहीच नीट जमत नव्हतं.

अप्पांनी फोन बाजूला ठेवला. शेजारचा तांब्या उचलला, त्यावरचं फुलपात्र सुलटं केलं आणि काठोकाठ भरलं. थोडं पाणी गादीवर सांडलं.

“घे,” ते म्हणाले. “मी जास्तीच धरून ठिवलं तुला. आज मुहूर्त चांगला हाय. निघायचं असंल तर पी अन निघ. मागून हाक मारणार न्हाई.”

सिद्धरामचा घसा कोरडा ठाक पडला होता. उन्हात सगळा मोंढा पालथा घालून आलेला माणूस तो, ओठांवर धूळ होती. त्यानं फुलपात्राकडं बघितलं. मग आपल्या चपला काढून पायरीच्या आत, भिंतीशी सरकवल्या आणि मांडी घालून गादीवर नीट बसला.

“मला तहान न्हाई, अप्पा,” तो म्हणाला.